दोन फुटांच्या टाकीत कोण कोणासोबत?

दिवाळी जवळ आली की मला येणारी पत्रं वाढतात. साफसफाईत माळ्यावरची जुनी काचेची टाकी खाली येते, सुट्टीला नातवंडं येणार असतात आणि घरात मासे आणायचं ठरतं. या वेळची पत्रं वाचताना जाणवलं की, बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: कोणता मासा कोणासोबत ठेवू?

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याविषयी. मी गंगापूर रोडला राहते. २६ वर्षं घरात मासे पाळते आहे आणि त्यातली १५ वर्षं नाशिकमधल्या दवाखान्यांच्या वेटिंग रूममधल्या टाक्या सांभाळते आहे. दुचाकीवर पायाशी बादली, पाठीवरच्या पिशवीत पाइप आणि जाळी घेऊन सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पोचते. खाली लिहिलेलं बहुतेक या टाक्यांनीच मला शिकवलं आहे.

नातीच्या वाढदिवसाला २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकी घेतली. दुकानदाराने यादी लिहून दिली: २ एंजल, ६ निऑन, २ गोल्डफिश, १ फायटर आणि काच साफ ठेवायला १ सकर. पाणी भरून ठेवलंय, मासे अजून आणलेले नाहीत. आणू का?
— एक आजोबा, इंदिरानगर

आजोबा, मासे आणण्याआधी विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक पत्रं मासे मेल्यावर येतात. ही यादी आणू नका. यातले पाचही मासे आपापल्या जागी सुंदर आहेत, पण त्यांना एका पंगतीला बसवता येत नाही.

आधी पाण्याचा हिशोब करू. तुमची टाकी २ घनफुटांची. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे कागदावर ५६ लिटर झालं. त्यातून तळाची रेव, दगड आणि वर सोडलेली दोन बोटं जागा वजा करा. हाती उरतं सुमारे ४५ लिटर. अंघोळीच्या तीन बादल्यांएवढं पाणी. मासे जन्मभर त्यातच खाणार, श्वास घेणार आणि घाणही त्यातच करणार. यादी करताना या तीन बादल्या डोळ्यांसमोर ठेवा.

आता एकेक मासा घेऊ. गोल्डफिश थंड पाण्याचा. त्याला १८ ते २२ अंश मानवतं, एंजल आणि फायटरला २५-२७ लागतं. एकाला सोसेल असं पाणी ठेवलं की दुसरा कुढतो. शिवाय गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. बोटाएवढा आणलेला गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो. दोन गोल्डफिशना तुमची अख्खी टाकीसुद्धा अपुरी आहे.

एंजल आणि निऑन दुकानात एकाच टाकीत दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की त्यांचं जमतं. दुकानातला एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो. माझ्या चौथ्या की पाचव्या वर्षी मीही असेच चार एंजल आणि बारा निऑन एकत्र ठेवले होते. सात-आठ महिने सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग एका सकाळी दिवा लावला तेव्हा निऑन नेहमीसारखे झाडांपुढे न दिसता मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे दाटीवाटीने उभे होते. मोजले तर अकरा. वाटलं, एखादा झाडात असेल. दोन दिवसांनी नऊ. तिसऱ्या रात्री दिवा मालवून मी अंधारात टाकीसमोर बसले. पहाटे खिडकीतून जरासा उजेड आला तशी मोठी एंजल मादी सावकाश, अगदी अंग न हलवता, त्या घोळक्याकडे सरकली आणि एक निऑन तिच्या तोंडात आडवा दिसला. त्याची निळी रेघ ओठांबाहेर चमकत होती. एंजलचा यात काही दोष नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये असे बारीक मासेही त्याच्या खाण्यात असतात. चूक माझी होती. मी आणताना मासा बघितला, तो मोठा झाल्यावर केवढा होईल हे बघितलं नाही. एंजल नुसता लांबीला वाढत नाही, वरच्या-खालच्या परांसकट वीतभर उंच होतो. १ फूट उंचीच्या टाकीत रेव आणि वरची मोकळी जागा सोडली की त्याला नीट उभंही राहता येत नाही.

सकरबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक टाकीत तो ‘सफाई कामगार’ म्हणून येतो. शेवाळ तो खातो, पण लहान असेपर्यंत. पुढे त्याला तुम्ही टाकलेले दाणेच आवडायला लागतात आणि त्याची स्वतःची घाण इतकी पडते की टाकी आधीपेक्षा मळकट दिसते. दुकानात दोन इंचाचा मिळणारा नेहमीचा सकर फूट-सव्वा फूट वाढतो. मी सांभाळत असलेल्या एका दवाखान्याच्या तीन फुटी टाकीत असा एक होता. वळायचं तर त्याला अंग दुमडावं लागे आणि त्याच्या शेपटीच्या फटक्याने दर आठवड्याला झाडं उपटलेली दिसत. त्याच टाकीतल्या गोल्डफिशच्या कुशीवर मला गोल पांढुरके चट्टे दिसायला लागले. रात्री सकर त्याच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर चाटत होता. सुस्त, रुंद अंगाच्या माशांवर सकर असा चिकटतो. शेवटी त्याला मी माझ्या गच्चीवरच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात आणलं.

लोक मात्र असा वाढलेला सकर नदीत सोडून येतात. कृपा करून कोणीही तसं करू नका. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर चिलखतासारख्या हाडाच्या पट्ट्या आणि परांत काटे. आपल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कोणी नाही. देशातल्या अनेक तळ्या-नद्यांत तो पसरला आहे. काठात बिळं करतो, कोळ्यांची जाळी फाडतो आणि गावच्या माशांचं अन्न संपवतो. गोदावरीला आपण गंगा म्हणतो, मग तिच्यात हे सोडायचं नाही.

फायटरचं सविस्तर पुढच्या पत्रात.

तर मग आणायचं काय? त्याआधी एक गोष्ट बघा. तुमच्या घरी कोणतं पाणी येतं? महापालिकेचं नळाचं की सोसायटीच्या बोअरचं? चहाच्या पातेल्यात किंवा गिझरच्या बादलीत पांढरा थर चढत असेल तर पाणी जड आहे, क्षारांचं आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुधा असंच असतं. दुकानात पाण्याचा जडपणा आणि आम्लता मोजायचं थेंबांचं किट मिळतं, ते एकदा घ्याच. माझं तर मत असं आहे की, आधी पाणी ओळखावं आणि मग त्या पाण्यात सुखाने राहील असा मासा निवडावा. औषधं घालून पाणी माशाला जुळवायला गेलं की दर आठवड्याला नवी ओढाताण सुरू होते.

नळाचं पाणी हलकं निघालं तर ८ निऑन, तळाला फिरणारे ६ लहान कोरी आणि मधे दिसायला एक हनी गुरामी नर. हनी गुरामी आपल्याच देशातला, बंगाल-आसामकडचा. मधाच्या रंगाचा आणि स्वभावाने अतिशय गरीब. टाकी तेवढ्याने भरली, नववा निऑनसुद्धा नको. निऑन आणि कोरी घोळक्याने राहणारे मासे आहेत. दोन-तीनच आणले तर कोपऱ्यात दबून बसतात आणि लोकांना वाटतं, ‘हे मासे लाजाळू आहेत.’ सहा झाले की तेच मासे टाकीभर हिंडतात. कोरीसाठी तळाला बारीक वाळू घाला. टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात आणि मग त्यांना खाणं शोधता येत नाही.

बोअरचं जड पाणी असेल तर निऑनचा हट्ट सोडा. प्लॅटी आणि गप्पी अशाच पाण्यात खुलतात. १ प्लॅटी नर, ३ माद्या आणि सोबत दोन नेराइट गोगलगायी. काचेवरचं शेवाळ या गोगलगायी सकरपेक्षा नेटकं खातात. गोड्या पाण्यात त्यांची अंडी उबत नाहीत, म्हणून गोगलगायींचा पसाराही होत नाही. काचेवर आणि लाकडावर अंड्यांचे पांढरे ठिपके मात्र दिसतील.

आणि हिटर लावायचा नसेल तर ८ झेब्रा आणा. हासुद्धा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आपला मासा. १८ अंशांपर्यंतचं पाणी सहज सोसतो, तुमच्या नातीसारखाच दिवसभर धावतो आणि जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरला जातो. उडी मारतो, म्हणून झाकण हवंच.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. टाकी भरलीय म्हणजे ती तयार आहे असं नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि पुढे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर मासे सोसतात. हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई असेल तर कोणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंजचा तुकडा आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. दुधाला विरजण लागावं तसं ते काम करतं, दिवस कमी होतात. मग आधी फक्त निम्मे मासे, आणि पाण्याची तपासणी ठीक आली तर पंधरा दिवसांनी उरलेले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारे थेंब प्रत्येक वेळी घालायचे. स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नातीला ते काम द्या, मुलं फार मनापासून करतात.

होस्टेलच्या खोलीत टेबलावर काचेच्या बाउलमध्ये फायटर आहे. तो दिवसभर एकाच जागी तरंगत असतो. एकटा पडलाय असं वाटतं. सोबतीला कोणता मासा देऊ?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

तुझी माया समजते, पण त्याला सोबत नकोय. फायटर मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या आणि दलदलीतल्या उथळ पाण्यातला. तिथे प्रत्येक नर आपला तुकडा राखून असतो. दुसरा नर दिसला की कल्ले फुलवून अंगावर जातो. मादीसुद्धा कायमची सोबत ठेवली तर तो तिचे पर फाडतो. गप्पीच्या नराची लांब रंगीत शेपूट बघून तो त्याला दुसरा फायटरच समजतो. गुरामी त्याचे जातभाई, तेही नको. टायगर बार्ब तर उलट याचेच पर कुरतडतील.

तो हलत नाही याचं कारण वेगळं असावं. बाउलमध्ये पाणी थोडं, त्यामुळे ते लवकर घाण होतं आणि रात्री लवकर गारठतं. फायटर थंड पाण्यात मंद होतो. त्याला १५ ते २० लिटरची छोटी टाकी, २५ वॉटचा छोटा हिटर आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर दे. फायटर हवेतूनही श्वास घेतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो आणि दर थोड्या वेळाने तो वर येऊन हवेचा घोट घेतो. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग झाडांनी पूर्ण झाकायचा नाही आणि वर झाकण असलं तरी आत हवेला जागा ठेवायची. पाणी खूप खवळतं ठेवलं तर त्याचे लांब पर त्याला दमवतात.

माझ्याकडच्या एका निळ्या फायटरला मी अशी टाकी दिली तेव्हा पाचव्या दिवशी सकाळी एका कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखी फुगवटी दिसली. साबण कुठून गेला म्हणून मी घाबरले. भिंगातून पाहिलं तर मोहरीहूनही बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटून बसलेले. तो तोंडात हवा घेई, खाली जाई, आणि एकेक बुडबुडा त्या घरट्याला लावी. मादी नसली तरी नर असं घरटं बांधतो. असं काही दिसलं की समजायचं, त्याला घर मानवलंय. एकच सोबत द्यायची असेल तर एक नेराइट गोगलगाय दे.

गप्पीच्या दोन जोड्या आणल्या होत्या. सहा महिन्यांत साठच्या वर झाल्या. टाकी दीड फुटी. मादी एकटी वेगळी ठेवली तरी पिल्लं होतात, हे कसं? जास्तीचे मासे घराजवळच्या नाल्यात सोडले तर चालेल का?
— एक गृहिणी, पंचवटी

गप्पीची मादी एकदा नराकडे गेली की त्याचं बीज पोटात साठवून ठेवते आणि त्यावर पुढचे काही महिने पिल्लं देत राहते. साधारण चार आठवड्यांनी एक वीण, कधी वीस, कधी चाळीस पिल्लं. म्हणून मादी वेगळी काढून काही उपयोग होत नाही.

सोपा उपाय असा की, टाकीत फक्त नर ठेवा. नर रंगीत, मोठ्या शेपटीचे, पोटाखाली बारीक काडीसारखा पर असलेले. पिल्लं महिनाभराची झाली की ही काडी दिसायला लागते, तेव्हा निवडा. दोन्ही ठेवायचेच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर बिचाऱ्या मादीला तो क्षणभर उसंत देत नाही.

पिल्लं सगळी वाचवायची नाहीत, हे मनावर घ्या. मोठे गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात आणि लहान टाकीत निसर्गाने ठेवलेला तो तोलच आहे. मला हे पत्करायला काही वर्षं लागली. प्रत्येक पिल्लू वेगळ्या बरणीत काढायचे आणि शेवटी सगळ्याच बरण्या घाण व्हायच्या.

नाल्यात सोडू नका, तो नाला गोदावरीलाच मिळतो. डासांसाठी आरोग्य विभाग गप्पी सोडतो हे खरं, पण ते कुठे सोडायचे ते त्यांचं ते ठरवतात. जास्तीचे मासे तुमच्या विभागातल्या मलेरिया कर्मचाऱ्यांना विचारून द्या किंवा दुकानात परत द्या. बरेच दुकानदार घेतात.

मुलाला माशांच्या टाकीतच एक छोटं कासव हवंय. सासूबाई म्हणतात, घरात कासव शुभ असतं. ठेवू का?
— एक आई, सिडको

नाही, ठेवू नका. आपल्याकडची बहुतेक देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. दुकानात मिळणारं हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव परदेशी आहे. ते नाण्याएवढं येतं आणि ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि टाकीतले मासे एकेक करून खातं. त्याला पोहायला पाणी, बसायला कोरडी जागा आणि ऊन तिन्ही लागतं. कासवाला हात लावून न धुता तोंडात घातला तर मुलांना साल्मोनेला नावाच्या जिवाणूची बाधाही होऊ शकते. सासूबाईंना देवघरात पितळेचं कासव आणून द्या. आणि घरातलं कासव कंटाळा आला म्हणून रामकुंडात सोडायची वेळ कोणावर येऊ नये.

१ फुटाच्या चौकोनी टाकीत झाडं छान वाढली आहेत. लाल चेरी कोळंबी सोडायची आहे. सोबत थोडे मासे चालतील का? आधी पाच कोळंब्या आणल्या होत्या, दोन दिवसांत सगळ्या मेल्या.
— एक कारखाना-कर्मचारी, सातपूर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाणी, खाणं, झाडं सगळं ठीक असूनही दोन दिवसांत सगळ्या गेल्या, तर मी आधी एकच विचारेन: त्याच खोलीत डास मारायचं मशीन लावता का? डासांच्या लिक्विडमध्ये, कॉइलमध्ये आणि झुरळांच्या फवाऱ्यात पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. माणसाला ती फारशी जाणवत नाहीत, पण कोळंबी आणि कीटक एकमेकांचे नातलग, त्यामुळे कीटकांसाठीचं विष कोळंबीलाही लागू पडतं. हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलतो. सातपूर-अंबडला डास किती असतात हे मला ठाऊक आहे, पण त्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

दुसरं कारण तांबं. माशांच्या बऱ्याच औषधांत ते असतं आणि कोळंबीला थोडंसुद्धा चालत नाही. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय काही घालू नका. नवीन झाडं आणली तर पाच-सहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहा, त्यांच्यावर फवारा मारलेला असू शकतो.

मासे नको. तुमच्या टाकीत २८ लिटरही पाणी नाही. गप्पीसुद्धा कोळंबीची पिल्लं गिळतो आणि मग कोळंब्या दिवसभर झाडाखाली लपतात. दहा कोळंब्या एकट्याच ठेवा. त्या अख्खा दिवस पुढच्या बारीक नांग्यांनी पानावरचं शेवाळ टिपत असतात, बघत बसलं तर वेळ कसा जातो कळत नाही. एखाद्या दिवशी तळाला पारदर्शक, पोकळ कोळंबी पडलेली दिसेल. ती मेलेली नसते, तिने कात टाकलेली असते. कात काढू नका, त्यातला चुना त्या पुन्हा खातात. कात टाकल्यावर तिचं अंग मऊ असतं आणि ती दिवसभर लपून राहते.

दर जानेवारीत पहाटे दोन-तीन मासे मरतात. उरलेल्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात.
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, निफाडच्या थंडीत तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, मग मासेही त्याच थंडीत आहेत. दिवसा घर तापतं, पहाटे गारठतं आणि पाणी काही तासांत पाच-सहा अंश खाली येतं. हा झटका माशांना नुसत्या थंडीपेक्षा जास्त बाधतो. अंगातली ताकद कमी झाली की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला दुकानात ‘इच’ म्हणतात, तो उफाळतो. हा परजीवी असतो आणि एका माशावरून पूर्ण टाकीत पसरतो.

एका लिटरमागे साधारण १ वॉट, या हिशोबाने थर्मोस्टॅटवाला हिटर लावा आणि काचेवर थर्मामीटर चिकटवा. हिटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाणी बदलताना हिटर आधी बंद करा, उघडा पडला तर काच तडकते. वीज गेली तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळा. ठिपके आलेल्या टाकीत औषध द्या, पण त्यासोबत पाणी हळूहळू २८-३० अंशांपर्यंत न्या, रोज एक-दोन अंश, आणि हवेचा पंप जोरात ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ठिपके दिसेनासे झाले तरी औषध लगेच थांबवू नका. माशाच्या अंगावरून सुटलेला परजीवी तळाला वाढत असतो आणि औषध लागतं ते त्याची पिल्लं पाण्यात मोकळी सुटल्यावर.

तुमच्या टाकीत कोण कोण आहे ते लिहिलं नाहीत. हिटरशिवायच ठेवायचे असतील तर निऑन, एंजल, फायटर सोडून द्या आणि झेब्रा पाळा.

त्र्यंबकच्या बाजूला ओढ्यात सुंदर छोटे मासे दिसतात. दुकानातल्यापेक्षा हेच घरी आणले तर?
— एक ट्रेकर, नाशिक रोड

तिथेच राहू द्या. ओढ्याचा मासा वाहत्या, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा, तुमच्या टाकीत तो दोन दिवस काचेवर डोकं आपटतो. सोबत परजीवी आणतो ते वेगळंच. सह्याद्रीचे मासे आवडत असतील तर डेनिसन बार्ब दुकानात मिळतो, ‘मिस केरळ’ म्हणतात तो. लाल-काळ्या पट्ट्याचा, केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातला. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीसमूहाला सह्याद्रिया असंच नाव दिलं. मात्र तो पाच-सहा इंचांचा होतो, घोळक्याने राहतो, त्याला चार फुटी टाकी लागते, आणि नद्या-ओढ्यांतून पकडल्यामुळे तो धोक्यात आला आहे. पैदास केलेलाच आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

दुकानात शंभर मासे दिसतात. त्यातला चांगला कसा निवडायचा? आणि घरी आणल्यावर थेट सोडायचा का?
— एक नववीतला वाचक, देवळाली कॅम्प

दुकानात गेल्यावर लगेच बोट दाखवायचं नाही. दहा मिनिटं उभा राहा. त्या टाकीत एखादा मेलेला मासा तरंगतोय का बघ, असेल तर त्या टाकीतलं काहीच घ्यायचं नाही. पर मिटून बसलेला, पोट आत गेलेला, कल्ले भराभर हलवणारा मासा नको. दुकानदाराला म्हण, ‘काका, जरा दाणे टाकता का?’ जो धावत येऊन खातो तो घ्यायचा. गुलाबी, निळ्या, हिरव्या भडक रंगाचे काचमासे दिसतील. त्यांचं अंग मुळात पारदर्शक असतं, रंग सुईने टोचून भरलेला असतो. ते घेऊ नकोस.

घरी येताना पिशवी कागदात गुंडाळ, अंधारात मासा शांत राहतो. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद कर आणि पिशवी बंदच ठेवून पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू दे. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतलं पाणी पिशवीत घाल, पाच-सहा वेळा. शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोड. पिशवीतलं पाणी मोरीत ओत, टाकीत नाही. त्या रात्री खायला काही द्यायचं नाही. सकाळी दोन चिमटी दाणे टाक आणि किती मासे वर येतात ते मोज.